दादासाहेब फाळक्यांचा विसरलेला विनोद

नाशिक जिल्ह्यात दादासाहेब फाळके हे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच देह ठेवलेला हा माणूस भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे, स्मारकात आहे आणि १९६९ पासून दिल्या जाणाऱ्या सर्वोच्च चित्रपट पुरस्काराच्या नावातही आहे. मात्र जनक ठरलेल्या माणसाच्या वाट्याला हार येतात, तसेच एक प्रकारचे गांभीर्यही येते. तसबिरीतला माणूस कधी हसत नाही, आणि त्याने कोणाला हसविले असेल अशी शंकाही आपल्या मनात येत नाही.

आम्ही या लेखात फाळक्यांच्या कार्याकडे त्याच दुर्लक्षित बाजूने पाहणार आहोत. जादूचे प्रयोग करणारा, आगपेटीतल्या काड्यांना नाचविणारा, स्वतः पडद्यावर उभा राहून प्रेक्षकांची गंमत करणारा, देवाच्या कथेतही खोडकरपणा शोधणारा विनोदी दिग्दर्शक म्हणून फाळके कसे होते, त्यांच्या विनोदाचे बळ कशात होते आणि तो कोठे अपुरा पडला, याचा हा विचार आहे. कळवणसारख्या तालुक्याच्या गावी बसून हा विचार करावासा वाटतो याला कारण आहे. नांदुरी, वणी, दिंडोरी या वाटेने नाशिकला पोचणाऱ्या आमच्या मुलांच्या हाती आज दिवसरात्र हलती चित्रे आहेत. ती चित्रे त्यांना हसवितात. पण हसवितात कोणावर, हे विचारण्याची सवय आपण त्यांना लावलेली नाही. ज्या माणसाने हलत्या चित्रांचा उद्योग याच जिल्ह्यात रुजविला, त्याच्यापासूनच हा प्रश्न विचारावयास आरंभ करणे योग्य होय.

आमच्या वाचकांना फाळक्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग विशेष जवळचा वाटावा. मुंबईला गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला आणि तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. या घटनेचा काळ कोणी १९१० चा नाताळ सांगतात, तर कोणी १९११ चा ईस्टर. दुसऱ्या हकिकतीप्रमाणे फाळके आपल्या मुलासह प्रथम १४ एप्रिल १९११ रोजी प्राण्यांचा एक चित्रपट पाहून आले. घरच्यांचा त्यावर विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी सर्वांना घेऊन गेले, तर ईस्टरनिमित्त ख्रिस्तचरित्र लावलेले होते. १९११ साली ईस्टर १६ एप्रिलला आला होता. म्हणजे पहिला दिवस गुड फ्रायडेचा आणि दुसरा पवित्र शनिवारचा. तो चित्रपट नेमका कोणता याविषयी एकमत नाही. फ्रेंच दिग्दर्शिका अ‍ॅलिस गी यांचा १९०६ सालचा ख्रिस्तचरित्रपट तो असावा असे अनेकांचे मत आहे. तो पंचवीस दृश्यांचा आहे. क्रुसाच्या वाटेवर एकेका स्थानापाशी थांबत आपण पुढे जातो, तशीच त्याची रचना आहे.

पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात फाळक्यांनी आपल्या उद्योगाची हकिकत लिहिली. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहिले, असे त्यांनी तीत सांगितले आहे. येथे आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेज्विट धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी मराठी पुराणाचा आणि ओवीचा आश्रय घेतला. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. जवळजवळ तीनशे वर्षांनी एका मराठी ब्राह्मणाने ख्रिस्तकथेचे चित्र पाहिले आणि त्यातून पुराणकथेला पडदा मिळवून दिला. एकाने येथून घेतले, दुसऱ्याने तेथून. दोघांपैकी कोणीही आपली श्रद्धा सोडली नाही, की दुसऱ्याची हिणविली नाही. संस्कृतींची देवघेव कशी असावी याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांस ठाऊक नाही.

त्यानंतरची हकिकत अनेकांनी सांगितली आहे. चित्रपट पाहून पाहून फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. कुंडीत रुजणाऱ्या बीचा वेल होईपर्यंतचा क्रम त्यांनी थोड्याथोड्या अवधीने टिपला आणि मिनिटभरात दाखविला. यामुळे त्यांना भांडवल मिळाले. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोके पाडण्यापासून साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करण्यापर्यंत सारे केले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

त्या दिवसाचा कार्यक्रम पाहण्यासारखा आहे. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची ती करुण कथा. पण तिच्या जोडीला एका परदेशी नर्तिकेचे नृत्य होते, एक विनोदी नाट्यछटा होती, पायांवर वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचे खेळ होते आणि 'टिप-टॉप कॉमिक्स' या नावाचे विनोदी चित्र होते. आजच्या वाचकाला हा गोंधळ वाटेल, त्या काळच्या प्रेक्षकाला वाटला नसावा. एकोणिसाव्या शतकात मराठी रंगभूमीवर पौराणिक नाटकाच्या अखेरीस फार्स करण्याची चाल होती. रडून झाल्यावर प्रेक्षकाला हसवून घरी पाठवावयाचे, हा त्यामागील व्यवहार. आमच्या कळवण, सुरगाणा, पेठ भागातील आदिवासी पाड्यांवरील बोहाड्यात तर देवाचे सोंग आणि हसविणारे सोंग एकाच रात्री, एकाच वाद्यावर नाचत येतात. हसण्याने देवाचा मान कमी होतो असे तेथे कोणास वाटत नाही. फाळके याच जिल्ह्याच्या मातीतले होते.

जाहिरातीतही त्यांची मिष्किली दिसते. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, अशी त्यांची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तिचा हिशोब करून पाहावा. एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे सत्तावन्न हजार चौकटींचे सुमारे साडेतीन हजार फूट झाले. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. अर्थात छायाचित्रांचा आकडा प्रामाणिक आहे, आणि दोन मैल मात्र जत्रेतल्या खेळवाल्याचे आहेत! तासाभराच्या नाटकापेक्षा रात्रभर चालणाऱ्या नाटकाला पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी फुटपट्टीच्या भाषेत हसत हसत पटविले.

१९१३ मध्येच फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. तेथे तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या पडद्यावरील पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. १९१४ च्या आरंभी हा चित्रपट मुंबईत लागला तेव्हा त्याच्या जोडीला फाळक्यांचेच एक छोटे विनोदी चित्र होते, 'पिठाचे पंजे'. परदेशी कॉमिकची जागा आता घरच्या कॉमिकने घेतली होती. 'पिठाचे पंजे' या नावातच मराठी स्वयंपाकघर आहे. परात, कणीक आणि माखलेले हात आहेत. चार्ली चॅप्लिन पडद्यावर प्रथम दिसले ते १९१४ च्या फेब्रुवारीत. म्हणजे चॅप्लिनचे नाव जगाला ठाऊक होण्यापूर्वीच नाशिकला विनोदी मूकपट तयार झालेला होता. यात आम्हांस कोणतीही चढाओढ सुचवावयाची नाही. फ्रान्सचे माक्स लांदे १९०५ पासूनच पडद्यावर लोकांना हसवीत होते. विनोदी मूकपट आपल्याकडे उसना आला आणि मग रुजला हे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो जन्मल्यापासून थोड्याच वर्षांत येथेही होता, एवढेच दाखवावयाचे आहे.

'पिठाचे पंजे' आज सहजासहजी पाहावयास मिळत नाही. 'आगकाड्यांची मौज', 'लक्ष्मीचा गालिचा', 'धूम्रपान लीला', 'विचित्र शिल्प' ही चित्रे तर गेली. उरली ती नावे. तरी नावांवरून आणि पद्धतीवरून काही अनुमान करता येते. आगकाड्यांच्या चित्रात काड्या आपोआप हलतात. त्यासाठी एकेक काडी किंचित सरकवून एकेक चौकट घ्यावी लागते. मिनिटभराच्या गमतीसाठी शेकडो वेळा वाकावे लागते. फ्रान्समध्ये एमिल कोल हेच करीत होते. ज्याने वेलाची वाढ टिपण्यासाठी आठवडेच्या आठवडे कॅमेऱ्यापाशी काढले त्याला हे अवघड नव्हते. वेलाच्या चित्रात सृष्टीचे कौतुक आहे, काड्यांच्या चित्रात निर्जीव वस्तूची थट्टा आहे. मात्र दोहोंमागचा धीर एकच आहे. फाळक्यांचा विनोद हा असा कारागिराचा विनोद आहे. त्यात शब्दांची कोटी नाही, अंगविक्षेप फारसे नाहीत. वस्तूने आपला नेहमीचा धर्म सोडावा आणि आपण चकित होऊन हसावे, ही त्याची जात आहे.

याचे मूळ जादूत आहे. फाळके जादूचे प्रयोग शिकले आणि पुढे 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते करू लागले. फाळके हे नाव मागून वाचले की केळफा होते! स्वतःच्या नावाला उलटे टांगून माणूस लोकांपुढे उभा राहतो, यातच त्याचा स्वभाव कळतो. हेच प्रोफेसर केळफा नंतर त्यांच्या एका लहानशा चित्रात आले, आणि दिग्दर्शक स्वतः पडद्यावर जादूगार झाला. पॅरिसचे जॉर्ज मेलिएस हेही मुळात रंगमंचावरील जादूगार. कॅमेरा थांबवावा, वस्तू हलवावी, पुन्हा सुरू करावा, म्हणजे वस्तू नाहीशी होते. ही युक्ती मेलिएसनी जगाला शिकविली. मेलिएसनी तिचा उपयोग चंद्रावर जाण्यासाठी केला. फाळक्यांनी तिचा उपयोग पुराणातील चमत्कारांसाठी केला, आणि मधल्या वेळेत निखळ गमतीसाठीही केला. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. जो जादूगार गमतीच्या खेळात ही हातचलाखी आहे असे हसत सांगतो, तोच भक्तिपटात तीच हातचलाखी वापरतो. लोकांनी तरीही पडद्यावरील रामकृष्णांना हात जोडले. म्हणजे प्रेक्षक भोळा होता असे नव्हे. काड्या नाचविणारा माणूस कोण हे त्याला ठाऊक होते, आणि हात कोणासमोर जोडावयाचे हेही ठाऊक होते.

स्त्रीभूमिकांचा प्रश्नही याच संदर्भात पाहावा. 'राजा हरिश्चंद्र'साठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके हा आचारी तारामती झाला. दहा रुपयांचा पगार पंधरा झाला, एवढेच त्याला प्रथम कळले असावे. या चित्रपटाचा आरंभीचा आणि अखेरचा भाग आज उपलब्ध आहे, आणि तो १९१३ चा की १९१७ च्या पुनर्निर्मितीचा याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. त्यात तारामती आणि तिच्या सख्या जलक्रीडा करताना दिसतात. ओल्या लुगड्यांतील हे सारे पुरुष पाहून आज हसू आवरत नाही. दिग्दर्शकाला येथे विनोद अभिप्रेत नव्हता. म्हणूनच साळुंके यांचे मोठेपण जाणवते. मुलाच्या शोकात तो गृहस्थ बाहुल्यासारखा हातवारे करीत नाही; मान किंचित खाली घालतो, आणि आपण हसावयाचे थांबतो. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके राम आणि सीता दोघेही झाले. एकाच माणसाने विरह दोन्ही बाजूंनी भोगावा, असा विलक्षण योग कोणत्या रंगभूमीवर जमला असेल?

फाळक्यांच्या विनोदाची खरी परीक्षा 'कालिया मर्दन' या १९१९ सालच्या चित्रपटावरून करता येते, कारण तो बऱ्याच अंशी वाचला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तेथील पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडील रिळे मिळवून ती जपली, त्यामुळे आपण हा चित्रपट पाहू शकतो. आमच्या येथे मे महिन्याच्या सुटीत चारपाच कुटुंबांनी एकत्र बसून तो पाहिला. आवाज नाही, रंग नाही, हे कळताच मुले प्रथम हिरमुसली. दहा मिनिटांनी ती मोठ्याने हसत होती.

या चित्रपटाचा आरंभच वेगळा आहे. कथा सुरू होण्यापूर्वी फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी आपल्या साध्या रूपात पडद्यावर येते. ती रागावते, रुसते, हसते, घाबरते. ही पाहा एक मुलगी, आता ती काय काय करते ते पाहा, असे जणू दिग्दर्शक सांगतो. आणि मग पाहता पाहता तिच्या जागी मुकुट घातलेला कृष्ण येतो. पोशाखामागील माणूस लपविण्याऐवजी तो आधीच दाखवून टाकणे, हे धाडस आहे. जादूगाराने हात उघडे करून दाखवावे आणि तरीही नाणे नाहीसे करावे, तसे हे आहे. शिवाय देवाची भूमिका मुलीने करावी यात कोणास काही गैर वाटले नाही, हीदेखील नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

पुढे लोणीचोरी येते, गावातील बायकांशी सवंगड्यांच्या कुरापती येतात, आणि एका सधन जोडप्याची फजिती येते. हा भाग कथेच्या दृष्टीने आवश्यक नाही; कालियाचे मर्दन त्याच्यावाचूनही होऊ शकले असते. परंतु तोच चित्रपटाचा प्राण आहे. मंदाकिनी अभिनय करीत नाही, ती खेळते. तिच्या डोळ्यांत चोरीचा आनंद आहे, पकडले जाण्याची भीती आहे, आणि सुटल्यावरची ऐट आहे. म्हणून जेव्हा तीच मुलगी डोहात उडी घेते आणि काठावर गोकुळ आक्रोश करू लागते, तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो. ज्याच्याबरोबर आपण हसलो त्याच्यासाठीच आपण रडतो. हसे आणि आसू यांचे हे नाते चॅप्लिनने 'द किड'मध्ये जगाला दाखविले, ते १९२१ मध्ये. फाळक्यांना ते त्यांच्या परीने १९१९ मध्येच उमगले होते.

चित्रपट संपल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोन आक्षेप घेतले. आपल्या मुलांनी दुसऱ्या धर्माच्या देवाची कथा का पाहावी, हा एक; आणि देवाच्या कथेत असे हसणे बरे का, हा दुसरा. दोन्ही आक्षेप मनापासूनचे होते, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिल्याचे उत्तर वर आलेच आहे. फाळके सहकुटुंब बसून ख्रिस्ताचे जीवन पाहू शकले, आणि त्यातून त्यांच्या हातून काही मोलाचे घडले. शेजाऱ्याची कथा आदराने पाहिल्याने आपली श्रद्धा सांडत नाही. दुसऱ्या आक्षेपासाठी आपल्याच ख्रिस्तसभेच्या परंपरेकडे वळावे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिताना खेळ आणि विनोद यांना मनाचा विसावा म्हटले, त्यांतील मर्यादेला सद्गुणाचे स्थान दिले, आणि कधीही न हसणाऱ्या व दुसऱ्याच्या हसण्यात विघ्न आणणाऱ्या माणसाला दोषी ठरविले. सोळाव्या शतकातील रोमचे संत फिलीप नेरी अर्धी दाढी काढून लोकांत फिरत, ते आपल्या मोठेपणाची थट्टा व्हावी म्हणून. त्यांच्या पवित्रपणाविषयी कोणी शंका घेतली नाही. भक्तीला विनोदाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती दिखाऊपणाला.

मर्यादा मात्र हवी, आणि ती कोठे असावी हे ठरविण्यासाठी आरंभीचाच प्रश्न उपयोगी पडतो : आपण कोणावर हसतो? 'कालिया मर्दन'मध्ये फजिती होते ती सधनांची. लहानग्यांचा जय होतो. दुबळ्याला खिजवून मिळविलेले हसू या चित्रपटात नाही. फाळक्यांच्या बाजूने हे मोठे प्रमाणपत्र आहे.

पण येथेच त्यांचा विनोद अपुराही वाटू लागतो. तो देव्हाऱ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या बाहेर फारसा पडत नाही. चॅप्लिनचा भटक्या उपाशी आहे, त्याच्या बुटाला भोक आहे, पोलिसाचा दंडुका त्याच्या पाठीवर आहे. 'गोल्ड रश'मध्ये, १९२५ साली, तो भुकेने आपला बूटच शिजवून खातो आणि जग हसता हसता गप्प होते. त्याच १९२५ मध्ये कोल्हापूरचे बाबुराव पेंटर 'सावकारी पाश' घेऊन आले आणि कर्जात बुडालेला शेतकरी मराठी पडद्यावर प्रथमच दिसला. फाळक्यांच्या चित्रांत हा शेतकरी नाही. त्र्यंबकच्या डोंगरापलीकडचा कोकणा, भिल्ल, महादेव कोळी नाही. बैलगाडीत यंत्र आणि पडदा घालून त्यांचा खेळ गावोगाव जात असे. पडद्यासमोर मातीत बसलेला जो माणूस आण्यादोन आण्यांत हसत होता, तो स्वतः कधी पडद्यावर आला नाही. पुराणकथेने फाळक्यांना सारा देश मिळवून दिला, आणि त्याच पुराणकथेने त्यांना डोळ्यांपुढचा माणूस पाहू दिला नाही. हे आम्ही उणे दाखविण्यासाठी म्हणत नाही. ज्याची नजर आगकाडीवर इतका वेळ स्थिरावू शकत होती, त्याची नजर या माणसावर स्थिरावली असती तर काय मिळाले असते, या हळहळीने म्हणतो.

उत्तरायुष्यात त्यांचे हसू मावळत गेले. १ जानेवारी १९१८ रोजी स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी पटेना, तेव्हा ते काशीस निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. परत आल्यावर त्यांनी पुष्कळ चित्रे केली. त्यांच्या एकूण चित्रपटांची संख्या ९५ आणि लघुपटांची २६ सांगितली जाते. पण पूर्वीचा प्रोफेसर केळफा पुन्हा फारसा दिसला नाही. आगकाड्यांच्या गमतीतून नफा किती, असे विचारणारी भांडवलाची व्यवस्था आली की पहिला बळी निर्हेतुक गमतीचा जातो. १९३१ मध्ये 'आलम आरा'ने पडदा बोलका केला. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. म्हणजे हरिश्चंद्राचीच कथा, पण आता बोलणारी. फाळक्यांचा 'सेतुबंधन' त्याच वर्षीचा, मूक; त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट, कोल्हापूरला केलेला. शब्द नसतानाही ज्याने हसविले त्याला शब्दांच्या बाजारात जागा उरली नाही. त्यांची अखेरची वर्षे नाशिकला एकांतात गेली.

चॅप्लिनने आपल्या चित्रपटांची मालकी आपल्या हाती ठेवली, म्हणून ते टिकले. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट झाले. त्यांपैकी आज पाहता येतात ते तीसच्या आसपास, आणि तेही बहुधा तुटक. जुन्या फिल्मला आग लवकर लागते, शिवाय तिच्यातील चांदीला भाव येतो. आणि जपणूक करावयाची वेळ आली तेव्हा प्रथम वाचविले गेले ते गंभीर चित्रपट. घरातील जुने सामान काढताना आपणही असेच करतो. पोथी ठेवतो, खेळणे टाकतो. फाळक्यांच्या विनोदी चित्रांचे तेच झाले.

अलीकडच्या काळात हा विनोदी फाळके पुन्हा भेटला तो परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ सालच्या मराठी चित्रपटात. आपण चित्रपटात काम करतो असे सांगितले तर लोक नावे ठेवतील, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' कामाला आहोत असे सांगा, असे फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकविले होते. त्यावरून हे नाव. नंदू माधव यांनी साकारलेले फाळके संकटे अंगावर घेताना हसतात, आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई त्या हसण्यात बरोबरीच्या भागीदार आहेत. चित्रपटाची चाल मूकपटासारखी चपळ आहे. उणीव एवढीच वाटते, की कर्ज, आजार आणि दागिन्यांना मुकणे हेही त्यात इतके सहज सरकते की किंमत कोणी मोजली ते जाणवत नाही. विनोदामागे ज्या बाईचे हात फिल्मच्या कडांनी सोलले गेले असतील, तिच्यापाशी कॅमेरा आणखी थोडा थांबावयास हवा होता. तथापि तसबिरीतल्या माणसाला हसते केल्याबद्दल मोकाशींचे ऋण मान्य केले पाहिजे.

फाळक्यांच्या विनोदाचे मोल आम्ही असे मांडू. तो थोर विनोदकार नव्हता. चॅप्लिन किंवा बस्टर कीटन यांच्या पंक्तीला त्याला बसविणे अतिशयोक्तीचे होईल, आणि जे उरले आहे त्यावरून तसे सिद्धही करता येणार नाही. पण हसविणे हे हलक्या माणसाचे काम आहे असे त्याने कधी मानले नाही. ज्या हातांनी त्याने हरिश्चंद्राचे स्मशान उभे केले त्याच हातांनी आगकाड्या नाचविल्या, आणि दोन्ही कामांना सारखेच कष्ट दिले. श्रद्धेच्या घरात हसण्याला जागा असते, त्या हसण्यालाही कारागिरी लागते, आणि ते दुबळ्याच्या वाट्याला घाव म्हणून जाता कामा नये, या तीन गोष्टी त्याच्या उरलेल्या रिळांतून शिकावयास मिळतात.

आमच्या वाचक कुटुंबांना एवढेच सुचवावेसे वाटते. येत्या सुटीत एका संध्याकाळी मुलांसमवेत 'कालिया मर्दन' पाहावा. पडद्यावरील मजकूर लहानांना मोठ्याने वाचून दाखवावा. मूकपटांच्या काळी वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रगृहांतही तसेच करीत. मुले कोठे हसतात ते पाहावे, आणि खेळ संपल्यावर, का हसलात, हे त्यांना विचारावे. त्यांच्या उत्तरांतून आपल्या घरातील हसण्याची प्रतही आपल्याला कळून येईल.